शंभर ओहम

हेल्वेने त्याला लोकरीची टोपी विणली होती,
कोठीत थंडी फार म्हणून.
हिऊमा बेटावरची जानेवारी, बटाट्यांचं पोतं,
आणि फळीवर तो काळा डबा, चार खणांचा,
टोपीखाली गुदमरलेला.

मी टोपी काढली. काही बोललो नाही.
बटण दाबलं. पंखा फिरला,
निळा दिवा लुकलुकू लागला आणि लुकलुकतच राहिला,
जसं कुणी दाराशी उभं राहून बुटांवरचा बर्फ झटकतंय, झटकतंय,
आणि आत येतच नाही.

"सोमवारी माणूस येणार आहे बोट बघायला," ती म्हणाली,
"बोटीचे कागद काल्योने यात ठेवलेत.
कागद कागदावरच राहिले असते
तर काय बिघडलं असतं?"

आधी सोपं ते. वायर बदलली.
अडॅप्टरला मीटर लावला : बारा पूर्णांक एक. ठणठणीत.
चारही डिस्क उपसल्या,
चिकटपट्टीवर आकडे लिहून त्यांच्या पाठीवर लावले.
"आणि पत्त्यांसारख्या पिसल्या तर?"
"तर बोट विकू नका."

रिकाम्या डब्याचंही तेच. निळी लुकलुक.
म्हणजे दुखणं पोटात नाही, डोक्यात.
मेमरीची पट्टी काढली,
शाळेतल्या खोडरबराने तिचे सोनेरी दात घासले,
टक्‌ करून बसवली. नाही.
गोल सेल बदलला. नाही.
हेल्वे म्हणाली, काल्यो दोन थपडा मारायचा.
मारल्या. नाही.

मग आठवलं, शाळेच्या तळघरातला डबा असाच गेला होता,
याच वयाचा, पोटात हीच चिप.
आतलं घड्याळ थकतं त्यांचं.
वेळ सांगणारं नव्हे, ठेका धरणारं.
वर्षानुवर्षं थोडं थोडं क्षीण होतं,
आणि एके दिवशी प्रोसेसर समेवर यायला बघतो
तर समच जागेवर नाही.

औषध हास्यास्पद : एक रेझिस्टर, शंभर ओहमचा,
तांदळाच्या दाण्याएवढा,
दोन पिनांमध्ये डाखायचा.
माझा हात हल्ली कापतो. टॉर्च हेल्वेने धरला.
तिचा कापला नाही.
राळेचा वास कोठीभर, बटाट्यांवरसुद्धा.

बटण.
पंखा.
निळा. लुकलुक. लुक—
लुक—
आणि एक पीप.

डिस्क आत, आकड्यांप्रमाणे.
तपासणीला अकरा तास, पडदा म्हणाला.
राईचा पाव खाल्ला, खारवलेला मासा खाल्ला,
चौतीस टक्क्यांवर ती खुर्चीतच झोपली.

सकाळी कागद सापडले, 'बोट' नावाच्या फोल्डरात,
जिथे असायला हवेत अगदी तिथेच.
त्याच्या शेजारी 'बर्फ'.
एकोणीस हिवाळे.
गोठलेल्या समुद्रावरून गाड्या सोडायच्या की नाही
हे ठरवायला काल्यो पहाटे भोक पाडायचा,
त्यात पट्टी उभी करून फोटो.
सव्वीस सेंटिमीटर. एकतीस. चाळीस.
पुढे अठरा. अकरा.
पुढे नुसतं पाणी, आणि पट्टी तरीही धरलेली.

कुठेच चेहरा नाही.
पट्टी धरणारा करडा हातमोजा तेवढा, प्रत्येक फोटोत.
"त्याचा हात," मी म्हणालो.
"माझा," हेल्वे म्हणाली. "फोटो तो काढायचा."

दुसरीकडे नक्कल करून ठेवा, मी सांगितलं, आजच्या आज.
हा रेझिस्टर म्हणजे काठी आहे, पाय नव्हे.
"किती दिवस चालेल?"
मी खांदे उडवले.
"बर्फाबद्दल लोक हेच विचारायचे," ती म्हणाली.
"काल्यो म्हणायचा, आज चालेल."

टोपी मी मागून घेतली, डब्याच्या भल्यासाठी.
आता ती माझ्या किटलीवर असते.
जरा सैल होते.